टोकाची चांदी आधी बघा

२००३ साली सांगलीच्या विश्रामबागेत दहा बाय बाराच्या गाळ्यात सोलर वॉटर हीटरचं दुकान टाकलं, तेव्हा भांडवल म्हणजे दोन पाईप पाने, पाईपला आटे पाडायचा एक डायसेट आणि मिस्त्री. डायसेट आजही तोच आहे. पोरं मशीनवर आटे पाडतात, पाडू देत. पण हातानं, तेल सोडत पाडलेल्या आट्यावर सांधा बंद करायला ताग आणि सफेद्याचा लेप चढवला की वीस वर्षं थेंब गळत नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गल्लीतले सर. "एकरकमी जमणार नाही, पगाराला देतो," म्हणाले. मी वहीत लिहून घेतलं. आमचा धंदा असा वहीवरच वाढला, कारण घरात ऊर्जा वाचवायची म्हटलं की पैसे आधी लागतात आणि सरकारी मदत मागून येते. पुणे महापालिका सोलर किंवा पर्जन्यजल संधारण केलेल्या घराला मिळकत करात ५ ते १० टक्के सूट देते. चांगलंच आहे, पण सूट मिळते ती सोलरचं बिल भरून झाल्यावर. गच्चीवरच्या सोलर विजेसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ३ किलोवॉटला मिळणारं ७८ हजारांचं अनुदानही पॅनेल बसून मीटर लागल्यावरच खात्यात येतं.

नेमकी हीच गोम एकानं हेरली. नाव घेत नाही. "महापालिका घरपट्टीतून निम्मे वळते करते" असं सांगत तो गल्लोगल्ली फिरला, आगाऊ पैसे घेतले आणि एका पावसाळ्यात शटर ओढून गेला. लोक आमच्या दारात. "तुम्ही सोलरवाले सगळे तसलेच!" दोन वर्षं हे ऐकलं. अजून झोंबतं.

त्यावर २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेला पूर, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. आमचं गोडाऊन गावभागात, खालच्या अंगाला. सगळा माल चिखलात. पाणी उतरल्यावर मी आणि मिस्त्री हीटरच्या काचेच्या ट्यूबा एकेक धूत बसलो. ट्यूबच्या टोकाला चांदीसारखा आरसा असतो. तो शाबूत असेल तर आत निर्वात आहे, पांढरा पडला की ट्यूब मेली. निम्म्याहून जास्त तर फुटल्याच होत्या. बँकेचं कर्ज डोक्यावर, विमा नाही. (विमा काढा. गोडाऊन कितीही उंचावर असू दे.)

तेव्हा सर आले. "चांदीवाल्या दहा दे, माझ्या जुन्या झाल्यात," म्हणाले. जुन्या झाल्या नव्हत्या, मला माहीत आहे. पैसे रोख ठेवले आणि घासाघीसही केली.

त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात. तिकडं बर्कली शहरानं २००८ मध्ये सोलरला पैसे शहरानंच द्यायचे आणि वीस वर्षांत घरपट्टीबरोबर फेडून घ्यायचे अशी सोय केली. घर विकलं तर हप्ता नव्या मालकाकडं. सर म्हणाले, "तुझी वहीच ती, फक्त नगरपालिकेनं चालवलेली." मला पटलं. पण तिथंही घरपट्टीचा बोजा गृहकर्जाच्या आधी वसूल होतो म्हणून २०१० मध्ये गृहकर्जाच्या सरकारी नियामकानं हरकत घेतली, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्याकडं असं काही आलं तर बँकेला आधी विचारायला हवं, नाहीतर पुन्हा शिव्या आम्हालाच.

आणि पॅनेलच्या आधी पंखे बदला हो. जुना ७५ वॉटचा पंखा चोवीस तास फिरतोय आणि वर गच्चीवर तीन किलोवॉट! बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास खातो. मला पंख्यात कमिशन नाही.

सरांच्या त्या दहा ट्यूबांपैकी नऊ अजून चालू आहेत. दहावी गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या चेंडूनं गेली. तिचे पैसे मी पूर्ण घेतले.