पर्डीची उचल

रविवारी सकाळी आठला बाबांचा फोन येतो. सांगलीकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, जेवणं उरकलेली असतात. आधी पाऊस, मग आईचे गुडघे, मग गल्लीतलं एखादं लग्न, असा आमचा क्रम ठरलेला. गेल्या रविवारी त्यांनी हे सगळं वगळलं आणि एकदम विचारलं, "झाली का गं सही त्या पोराची?"

झाली. पाच वर्षं, २६ कोटी ५० लाख डॉलर. मी रुपयात सांगितलं, सव्वादोन हजार कोटींच्या वर. पलीकडे शांतता. मग आईला मोठ्याने, "अगं, ऐकलंस का?"

ते पोर म्हणजे ब्रॉक पर्डी, आमच्या 'फोर्टी नायनर्स' या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक. टीमचं नाव सॅन फ्रान्सिस्कोचं असलं तरी २०१४ पासून मैदान इथे सँटा क्लारात आहे. आमच्या घरून लाइट रेलने जाता येतं. मॅचच्या दिवशी टास्मन ड्राइव्हवरून किराणा आणायला निघालात तर दूध घरी पोचेपर्यंत दही होईल. मी या खेळाकडे वळले ती या ट्रॅफिकमुळेच. चार तास घरात अडकायचंच आहे तर बघू तरी लोक कशासाठी ओरडतात ते!

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: लंबगोल चेंडू प्रत्येक डावाला आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. अंगावर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं धावून येत असताना दोन-अडीच सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे त्याने ठरवायचं. धोनीला यष्टिरक्षणही करायला लावायचं आणि प्रत्येक ओव्हरही टाकायला लावायची, तसं काहीतरी. त्यामुळे पगारही सगळ्यात मोठा त्याचाच.

बाबा २०२३च्या दसऱ्यानंतर सहा महिने आमच्याकडे होते आणि तो उरलेला सगळा मोसम त्यांनी सोफ्यावर बसून पाहिला. खेळ कळायच्या आधी त्यांना पर्डीची गोष्ट आवडली. २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याचं नाव २६२वं, म्हणजे सगळ्यात शेवटचं. शेवटच्या खेळाडूला इथे गमतीने 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे असला काय आणि नसला काय. टीममध्येही तो तिसऱ्या नंबरचा. पहिला जखमी झाला, डिसेंबरात दुसराही झाला आणि हा आत आला. पुढच्याच आठवड्यात समोर टॉम ब्रेडी, या खेळातला दिग्गज क्वार्टरबॅक, होता, त्याच्या टीमला ३५-७ असं हरवलं. बाबांचं मत झालं, "हा रोजंदारीवर आलेला आणि कायम झालेला माणूस आहे."

डेट्रॉइटविरुद्धच्या मॅचला, जानेवारी २०२४ मध्ये, मध्यंतरात आपण ७-२४ असे मागे होतो. बाबांनी कानटोपी घातली, "गेली ही" म्हणाले आणि फिरायला गेले. परत आले तेव्हा सगळी सोसायटी ओरडत होती. ३४-३१. ती कानटोपी मग सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, दिवशी मी लपवून ठेवली, पण लास वेगासमध्ये कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २२-२५ असे हरलोच.

त्या वर्षी पर्डीचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर. सामान्य माणसाला डोळे फिरवणारी रक्कम, पण याच धंद्यातले त्याच्या जोडीचे लोक तेव्हा पाच-साडेपाच कोटी घेत होते. आणि वाढ मागायची सोय नाही. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार तीन मोसम झाल्याशिवाय बदलता येत नाही, असा नियमच आहे.

इथे आयपीएल आठवा. प्रत्येक संघाच्या पर्समध्ये ठरावीक रक्कम, तशी इथे सॅलरी कॅप. २०२५ला ती प्रत्येक टीमला सुमारे २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, आणि त्यात पन्नासाहून जास्त खेळाडू बसवायचे. क्वार्टरबॅक जवळजवळ फुकटात मिळाला की बाकीची पर्स मोकळी. म्हणून तर आमच्याकडे बोसा, मॅकॅफ्री, किटल, वॉर्नर, डीबो सॅम्युअल असे मोठे खेळाडू सगळे एकाच वेळी नांदत होते. आता पर्डीचे वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख, म्हणजे पर्सचा जवळपास पाचवा हिस्सा. चिमटा आधीच बसला. २०२५च्या मार्चमध्ये सॅम्युअल वॉशिंग्टनला गेला, हुफांगा आणि ग्रीनलॉ डेन्व्हरला, वॉर्ड इंडियानापोलिसला.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, कँडलस्टिकच्या जुन्या मैदानापासूनचा चाहता, जानेवारीपासून एकच पाढा म्हणत होता: पर्डीला एवढे देऊ नका. २०२४च्या मोसमात मॅकॅफ्री चारच मॅच खेळला, आयुकचा गुडघा गेला, आणि आपण १७पैकी ६ जिंकल्या. बाजूची माणसं गेल्यावर पर्डी साधाच दिसला, असं त्याचं म्हणणं. मग तो न्यूयॉर्क जायंट्सचं उदाहरण द्यायचा. त्यांनी २०२३ला क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६ कोटी कबूल केले, पुढच्या वर्षी चेंडू घेऊन धावणाऱ्या बार्कलीला जाऊ दिलं. बार्कली फिलाडेल्फियाकडून एका मोसमात २००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकला. जोन्सला तोवर जायंट्सने काढून टाकलं होतं.

उदाहरण बिनतोड आहे, आणि वर्षभर मीही त्याच बाजूची होते. पण बार्कलीच्या त्या फिलाडेल्फियाच्या क्वार्टरबॅकलाही २५ कोटी ५० लाखांचा करार आधीच मिळालेला होता, हे तो सांगायचा नाही.

माझं मत फिरलं ते जुना हिशेब काढल्यावर. २०२१ला याच टीमने ट्रे लान्स नावाचा क्वार्टरबॅक मिळवायला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. म्हणजे तीन वर्षांची उत्तम माणसं. तो आमच्यासाठी सुरुवातीपासून फक्त चार मॅच खेळला आणि चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. शोधाचा खर्च असा असतो. पर्डी सगळ्यात भारी आहे का? नाही, मला नाही वाटत. कॅन्सस सिटीच्या महोम्सशी त्याची बरोबरी कुणीच करत नाही. तरीही ५ कोटी ३० लाख मला आता पर्डीची किंमत वाटत नाही; पुन्हा त्या बाजारात उभं न राहण्याची ती किंमत आहे. पुण्यात भाड्याची घरं बदलून दमलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि एक बारीक गोष्ट. करार लोंबकळत असतानाही एप्रिलच्या ऐच्छिक सरावाला पर्डी हजर होता. आदल्या वर्षी आयुकने कराराचा प्रश्न ऑगस्टच्या अखेरपर्यंत ताणला होता. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, ज्याचं शरीर त्याचा हिशेब. पण फरक दिसतो.

बाबांना मात्र यातल्या कशातच रस नव्हता. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढलेला माणूस, त्यांना कागद बघायचा होता. "सगळे पैसे पक्के?" नाही, १८ कोटी १० लाखांची हमी, बाकीचे टीममध्ये राहिला तर. "आणि सहीच्या वेळी रोख किती?" मी सहीच्या बोनसचं सांगितलं: रक्कम खेळाडूला लवकर मिळते, पण कॅपच्या वहीत ती पाच वर्षांत समान वाटून दाखवता येते. आणि मधेच त्याला काढला, तर उरलेले हप्ते अंगावर येतात.

"म्हणजे उचल," बाबा म्हणाले.

मी हसले. मग जरा गप्प झाले. उचल घेऊन पोरंबाळं, भांडीकुंडी बैलगाडीत घालून ऊस तोडायला कारखान्यावर येणारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, त्यांच्या खोपींमधून शाळेला गेले आहे. कोट्यधीश पोराला तो शब्द लावताना बरं वाटलं नाही. पण व्यवहार म्हणून शब्द चपखल होता: पैसे आधी, अंग नंतर.

"आणि उचल घेतली आणि खेळायचंच सोडलं तर?"

सांगितलं की टीम परत मागू शकते. बॅरी सँडर्स नावाच्या मोठ्या खेळाडूने १९९९ला अचानक निवृत्ती घेतली, तेव्हा त्याला बोनसचा काही भाग फेडावा लागला होता. बाबांना हे फार पटलं. वही जुळल्यासारखा आवाज आला त्यांचा.

"हे सगळं ठरवतं कोण? मुकादम असेल ना त्याचा?"

"आहे की. एजंट म्हणतात."

"त्याचं कमिशन?"

"खेळाडूंच्या युनियनने मर्यादा घातलीय. जास्तीत जास्त तीन टक्के."

"तीन?" बाबा म्हणाले. "तीन टक्क्यांवर आमच्याकडचा मुकादम फटफटीवरून खाली उतरायचा नाही." मग त्यांनी फोन आईकडे दिला, गुडघ्यांचं सांगायला.