किती गरम होतं पाणी?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा महोत्सव समितीचा फोन आला तेव्हा मी प्लँटवर होतो. 'सातशे शब्द, पासपोर्ट साइजचा फोटो' एवढं सांगून फोन ठेवलाही. प्रार्थना, पिंपळाचा पार, रुळाच्या तुकड्याची घंटा, गॅदरिंगमधली फजिती, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला फक्त तुरटीसरांबद्दल लिहायचंय. त्यांचं खरं नाव आमच्या वर्गातल्या निम्म्यांना तेव्हाही आठवत नसे.

आम्ही नववीत होतो, १९८५ साल. प्रयोगशाळा म्हणजे जुन्या इमारतीतली शेवटची खोली. दोन लांब बाकं, एक स्टोव्ह आणि ते लाकडी कपाट. कपाटावर लोणच्याची काचेची बरणी, तोंडावर आडवी पेन्सिल आणि पेन्सिलीला बांधलेल्या दोऱ्याला लोंबकळणारा तुरटीचा खडा. तुरटी आम्हाला न्हाव्याच्या दुकानातली माहीत, नाहीतर पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची. त्या खड्याला आठ बाजू असतात आणि त्या कुणी घासून काढत नाही, आपोआप येतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या वर्षी तालुक्याला विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी फोटो स्टुडिओवाल्याकडून थोडी क्रोम तुरटी मिळवली. फिल्मवरचा थर टणक करायला ती वापरत. तिचा जांभळाएवढा आणि जांभळाच्याच रंगाचा खडा सरांनी आधी वाढवला, मग तो साध्या तुरटीच्या पाण्यात टांगला. महिनाभरात त्याच्यावर काचेसारखं स्वच्छ कवच चढलं. कडा त्याच, कोपरे तेच, आत जांभळा आणि बाहेर पारदर्शक. आम्ही शिवायचो नाही, पण रोज जाऊन बघायचो.

असं कसं होतं, याला सरांकडे एस.टी.चं उत्तर होतं. साध्या तुरटीत अ‍ॅल्युमिनियम, क्रोम तुरटीत क्रोमियम. दोघांवर तीन-तीन धन भार, दोघांची अंगकाठीही जवळजवळ सारखी. "सीट तीच आहे. पॅसेंजर बदलला म्हणून गाडी वाकडी होते का?" प्रत्येक पॅसेंजरभोवती पाण्याचे सहा रेणू कोंडाळं करून बसतात, दोन्ही तुरट्यांत असलेल्या पोटॅशियमभोवती सहा आणि अ‍ॅल्युमिनियमभोवती सहा, असे बारा. हे पटावं म्हणून त्यांनी दहा ग्रॅम तुरटी वजन करून तव्यावर टाकली. तुरटीची लाही आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी केलेली आहे. लाही फुलली, गार झाली, पुन्हा तागडीत घातली तर साडेपाच ग्रॅमच्या आसपास. बाकीचं सगळं पाणी होतं, आणि तो टणक खडा त्या पाण्याच्या आधारावर उभा होता. पाणी गेलं तेव्हा उरला नुसता भुसभुशीत फेस. आजही मला हे थोडं अविश्वसनीय वाटतं.

आता मुद्द्याचं. प्रदर्शनाला आठ दिवस होते आणि मला खडा अजून मोठा हवा होता. मधल्या सुट्टीत मी स्टोव्ह पेटवला, भरपूर तुरटी घालून पाणी तापवलं आणि ते तसंच बरणीत ओतलं. जास्त तुरटी, म्हणजे खडा जास्त वाढणार, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याला नुसती गाठ होती. बरणीतलं पाणी जांभळट झालं होतं आणि तळाला साखरेएवढ्या दाण्यांचा थर.

सर आले, बरणी उजेडात धरली, बराच वेळ बघितली. वर्गात पिन पडली असती तरी ऐकू आली असती. कुणी केलं हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "किती गरम होतं पाणी?"

मी बसल्या जागेवरून बोलून गेलो, "चटका बसत होता सर." वर्ग हसला आणि मी पकडला गेलो.

शिक्षा अशी झाली की तळाचे दाणे गाळून घ्यायचे, टिपकागदावर वाळवायचे आणि भिंगाखाली एकेक बघायचा. गरम पाण्यात तुरटी कितीतरी जास्त विरघळते, त्यामुळे तापलेल्या बरणीनं खडाच खाल्ला. रात्री पाणी भराभर निवलं तेव्हा हजार ठिकाणी एकदम दाणे धरले, म्हणून एकही मोठा झाला नाही. पण त्या बारीक दाण्यांनाही आठच बाजू होत्या. आणि सगळे फिकट जांभळे! दोन्ही तुरट्या एकाच दाण्यात, एकाच बाकावर. सरांनी प्रदर्शनात तेच दाणे बशीत मांडले, शेजारी भिंग ठेवलं. बक्षीस अर्थातच मिळालं नाही.

गेली अठ्ठावीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात क्रिस्टलायझेशन, म्हणजे द्रावणातून औषधाचे स्फटिक पाडण्याचं काम, सांभाळतो. बॅच घाईनं थंड केली की पीठ पडतं, गरगर फिरवून स्फटिक निथळणारा सेंट्रिफ्यूज रात्रभर अडून बसतो. रेणू तोच, पण रचून बसण्याची तऱ्हा बदलली तर गोळी पोटात विरघळायचीही नाही. १९९८ साली एचआयव्हीवरच्या रिटोनाविरचं असंच झालं. दोन वर्षं बाजारात असलेल्या औषधाचा अचानक एक नवाच स्फटिक निघाला. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी वेगळ्या तऱ्हेनं धरून बसले होते आणि हे रूप आधीच्यापेक्षा खूपच कमी विरघळायचं. कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. आमच्याकडे नवीन केमिस्ट आले की मी ही गोष्ट सांगतो, पण सुरुवात बरणीपासून करतो. पोरं हसतात. बॅच बिघडली की मान खाली घालून उभ्या राहिलेल्या ऑपरेटरला मी आधी टेम्परेचर विचारतो. बाकीची चौकशी करायला क्यूए, म्हणजे गुणवत्ता बघणारा विभाग, आहेच.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे आणि त्यावर स्फटिक अर्ध्या मिनिटात वाढतो. छान दिसतो, खोटं का बोलू. पण महिनाभर वाट बघायला लावणारं कपाट कुठे गेलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या दाण्यांतले चार मी तेव्हा खिशात घातले होते. फिल्मच्या काळ्या डबीत अजून आहेत. वर पांढरी पूड धरलीये, ओल्या बोटानं पुसली की खालून जांभळट दिसतं. महोत्सवाला येताना डबी घेऊन येतो. भिंग तेवढं शाळेनं द्यावं.