जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: गरम झाल्यावर हरवणाऱ्या दुसऱ्या गिअरचा शोध

मागील नोंदीपर्यंत इंजिनाचे काम संपले होते आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आली होती. आता प्रश्न गिअरबॉक्सचा आहे. गाडी थंड असताना चारही गिअर वेळेवर आणि विनातक्रार पडतात. मात्र गिअरबॉक्स चांगला तापला की कधीकधी पहिल्या गिअरनंतर दुसरा येतच नाही. इंजिनाचा आवाज चढत राहतो, आणि पुढे एका क्षणी इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा कोसळून गाडी एकदम जड होते, जणू कोणी तिला चढावर उभे केले आहे. थोड्या वेळाने हे सगळे आपोआप सुरळीत होते. ज्यांना ज्यांना मी हे वर्णन ऐकवले, त्यांतील बहुतेकांनी क्लच जळाले असणार, गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडावा, असाच सल्ला दिला. मला हा सल्ला घाईचा वाटला. क्लचचे अस्तर झिजले असेल तर गिअर घसरतो. तो एखाद्या दिवशी अजिबात न येता दुसऱ्या दिवशी अगदी नेमका येत नाही.

तर्क समजण्यासाठी या गिअरबॉक्सची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हा चार गतींचा, मागील चाकांना ताकद देणारा आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला गिअरबॉक्स आहे. कोणता गिअर पडावा हे व्हॉल्व्ह बॉडीवर, म्हणजे तेलाच्या वाटा वळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर, बसवलेले दोन शिफ्ट सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह, ठरवतात आणि तिसरा सोलेनॉइड फक्त टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणाऱ्या भागाचे) लॉकअप, म्हणजे तो घसरू न देता जखडणे, पाहतो. पहिल्या गिअरमध्ये पहिला सोलेनॉइड चालू आणि दुसरा बंद असतो. दुसऱ्या गिअरमध्ये दोन्ही चालू असतात. तिसऱ्यात पहिला बंद होऊन दुसरा चालू राहतो. आणि चौथ्यात दोन्ही बंद असतात. म्हणजे चार गिअरसाठी दोन खटक्यांच्या चार जोड्या आहेत. ही जोडणी प्रत्येक गिअरबॉक्समध्ये अशीच असेल असे नाही, म्हणून आपापल्या सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्ता पाहिल्याशिवाय पुढचा तर्क करू नये.

आता असे समजा की दुसरा सोलेनॉइड गरम झाल्यावर कामच करत नाही. पहिल्या गिअरमध्ये तो तसाही बंद असतो, त्यामुळे गाडी नेहमीप्रमाणे निघेल. कंट्रोलर (गिअरबॉक्सचा संगणक) दुसऱ्या गिअरचा आदेश देईल, पण दुसरा सोलेनॉइड न उठल्यामुळे प्रत्यक्षात पहिल्याच गिअरची जोडी तयार होईल. पुढे तिसऱ्याच्या आदेशाबरोबर पहिला सोलेनॉइड बंद होईल, दुसरा आधीच मेलेला आहे, म्हणजे दोन्ही बंद, म्हणजेच थेट चौथा गिअर. एक, एक, चार, चार हा क्रम माझ्या गाडीच्या तक्रारीशी तंतोतंत जुळतो. याउलट पहिला सोलेनॉइड निकामी झाला असता तर हाच क्रम चार, तीन, तीन, चार असा झाला असता आणि गाडीने जागेवरून निघतानाच मान टाकली असती. कागदावरच्या या हिशेबाने अर्धे काम केले, असे मला वाटते. पण हिशेब जुळणे म्हणजे पुरावा नव्हे.

त्याआधी प्राथमिक गोष्टी पाहिल्या, कारण त्या टाळून पुढे गेलेल्यांचे हाल मी पाहिले आहेत. तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, तेल ७० ते ८० अंश सेल्सिअस इतके तापल्यावर, इंजिन चालू ठेवून आणि लिव्हर सर्व जागांवरून एकदा फिरवून पाहिली. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि फेसाळलेल्या तेलाने दाब नीट तयार होत नाही. तेलाचा लाल रंग थोडा गडद झाला होता, पण जळका वास नव्हता. पांढऱ्या टिपकागदावर टाकलेला थेंब पसरला तेव्हा मध्यभागी काळी भुकटीही उरली नाही. या गिअरबॉक्सला थ्रॉटलशी जोडलेली केबल आहे. ती गिअर निवडत नाही, परंतु पॅडल जितके दाबले जाईल तितका तेलाचा मुख्य दाब वाढवते. पॅडल पूर्ण दाबले असता आवरणाचे टोक आणि केबलवरील खूणगाठ यांत शून्य ते एक मिलिमीटर अंतर असावे असे मॅन्युअल सांगते. माझ्याकडे ते त्याहून जास्त भरले. ही बाब मी टिपून ठेवली पण केबलला हात लावला नाही, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय सुधारले हे कधीच कळत नाही.

गाडी १९९६ च्या आधीची असल्यामुळे ओबीडी-२ ची, म्हणजे स्कॅनरने प्रमाणित दोष-कोड वाचण्याची, सोय नाही. त्यानंतरच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना पी०७५५ सारखा कोड थेट दुसऱ्या शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटकडे बोट दाखवेल. पी०७०० हा मात्र केवळ गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काही नोंद आहे एवढेच सांगतो. त्यावरून सुटे भाग मागवणे व्यर्थ आहे. माझ्या गाडीत डॅशबोर्डवरील दिव्याच्या उघडझापीतून कोड वाचावे लागतात आणि तेथे काहीही साठलेले नव्हते. दोष येऊन-जाऊन असेल तर कोड न साठणे यात आश्चर्य नाही, म्हणून कोड नाही म्हणजे विद्युत दोष नाही, हा निष्कर्ष मी मानला नाही.

यानंतर दाब आणि क्लच यांच्याविषयीचा संशय दूर करायचा होता. तेल गरम असताना, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक लावून, लिव्हर न्यूट्रलमधून ड्राइव्हमध्ये आणि मग न्यूट्रलमधून रिव्हर्समध्ये टाकल्यावर गिअर पकडल्याचा हलका धक्का किती वेळात जाणवतो हे स्टॉपवॉचने मोजले. माझ्या गिअरबॉक्ससाठी ड्राइव्हची मर्यादा ०.७ सेकंद आणि रिव्हर्सची १.२ सेकंद आहे, आणि दोन मोजमापांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्यावे लागते. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत आले. स्टॉल चाचणी, म्हणजे ब्रेक दाबून धरून पूर्ण थ्रॉटल देण्याची चाचणी, मी जाणूनबुजून केली नाही. पाच सेकंदांहून अधिक काळ ती चालवणे धोक्याचे असते, कारण इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधील तेल तापवण्यात जाते. आणि माझ्या तक्रारीत घसरण हे लक्षणच नसताना जुन्या गिअरबॉक्सला हा छळ कशासाठी करावा?

त्याऐवजी जी चाचणी केली ती मला या सर्व प्रकारात सर्वांत मोलाची वाटते. कंट्रोलरचा कनेक्टर काढून ठेवला आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी लिव्हरने चालवली. विजेचा आदेश नसताना लिव्हर थेट व्हॉल्व्ह बॉडीतील मॅन्युअल व्हॉल्व्ह हलवतो आणि माझ्या गिअरबॉक्समध्ये लिव्हरच्या ‘एल’ जागेवर पहिला, ‘२’ जागेवर तिसरा आणि ड्राइव्हवर चौथा गिअर मिळतो. गिअरबॉक्स पूर्ण तापलेला असतानाही हे तिन्ही गिअर ठामपणे पकडले. दुसरा गिअर या पद्धतीने मिळत नाही, ही या चाचणीची मर्यादा आहे. पण थंड गाडीत तो नेमका आणि न घसरता येतो, यावरून त्याचा ब्रेक (गिअरबॉक्सच्या आतला, तो गिअर पकडून ठेवणारा भाग) शाबूत आहे असे धरता येते. यांत्रिक बाजू अशी निर्दोष दिसत असताना गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पुढचा टप्पा आदेश आणि अंमलबजावणी वेगवेगळी पाहण्याचा होता. कंट्रोलरपासून निघणाऱ्या दोन्ही सोलेनॉइडच्या तारांवर एक किलोओहमचा रोधक जोडलेले दोन छोटे एलईडी समांतर लावले आणि त्यांची दुसरी टोके अर्थ केली. माझ्या गाडीत कंट्रोलर सोलेनॉइडला धन पुरवठा देतो आणि सोलेनॉइड गिअरबॉक्सच्या धातूमधून अर्थ होतो, म्हणून ही जोडणी योग्य ठरते. काही गाड्यांत कंट्रोलर अर्थची बाजू तोडतो-जोडतो, तेथे एलईडी उलट बाजूने लावावा लागेल. दिवे लावून चालवल्यावर दोष प्रकट झाला तेव्हा दोन्ही दिवे अगदी वेळेवर पेटले, म्हणजे कंट्रोलर दुसरा गिअर मागत होता, आणि इंजिन मात्र पहिल्यातच ओरडत होते. माझ्या गाडीचे फायनल ड्राइव्हचे गुणोत्तर ३.९, चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, आणि पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८ धरले तर ताशी ४० किलोमीटरला साधारण ३,५०० आरपीएम येतात. दुसऱ्या गिअरच्या १.५३ गुणोत्तराने ते १,९०० च्या आसपास असायला हवेत. कन्व्हर्टरची थोडी घसरण धरली तरी हा फरक लपणारा नाही.

कोसळलेला काटा तिसऱ्या गिअरचा की चौथ्याचा, हे मात्र आरपीएमवरून ठामपणे सांगता येत नव्हते, कारण कमी वेगात उंच गिअर पडला की कन्व्हर्टर बराच घसरतो आणि हिशेब धूसर होतो. त्यावर एक साधा उपाय सापडला. पुढे वेग वाढल्यावर दुसरा दिवा विझला, म्हणजे कंट्रोलरने तिसऱ्यावरून चौथा मागितला, आणि त्या क्षणी काटा जागचा हललाही नाही. गाडी आधीच चौथ्यात होती, म्हणून बदलण्यासारखे काही उरलेच नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना. दिवा पेटला म्हणजे तारेवर व्होल्टेज आहे एवढेच कळते. सोलेनॉइडमधून प्रवाह वाहतो आहे हे कळत नाही. पुढे कुठे तार तुटली असेल तरी दिवा आनंदाने पेटतो. म्हणून दुसऱ्या सोलेनॉइडच्या तारेवर डीसी प्रवाह तारेभोवती चिमटा लावून मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. सुस्थितीत सुमारे ०.९ ॲम्पिअर प्रवाह दिसायला हवा. एवढा लहान आकडा क्लॅम्प मीटर डळमळीत दाखवतो, म्हणून जोडतारेचे दहा वेढे क्लॅम्पमध्ये घेतले आणि वाचलेल्या आकड्याला दहाने भागले. दोष प्रकट होताच आकडा शून्यावर आला आणि दिवा तसाच पेटलेला राहिला. दुसऱ्या सोलेनॉइडचे सर्किट कंट्रोलरच्या पुढे कुठेतरी तुटत आहे, हे यावरून नक्की झाले. आणखी एक शक्यता असू शकली असती, ती म्हणजे प्रवाह व्यवस्थित असूनही सोलेनॉइडची किंवा व्हॉल्व्हची दांडी कचऱ्याने अडकणे. तसे असते तर आकडा ०.९ वर स्थिर राहिला असता.

उरलेला प्रश्न तुटण्याच्या जागेचा होता. गिअरबॉक्सच्या बाहेरील कनेक्टर सोडवून आतल्या बाजूचा रोध मोजला, तेव्हा थंड स्थितीत १३ ओहम आले. मॅन्युअलमधील मर्यादा ११ ते १५ ओहम आहे. तापलेल्या गिअरबॉक्सवर तोच आकडा १५.८ ओहम झाला. हा आकडा पाहून सोलेनॉइड बदलण्याचा मोह होऊ शकतो, पण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे ५५ अंशांच्या तापमानवाढीनंतर १३ चे १५.८ होणे हा निव्वळ भौतिकशास्त्राचा नियम आहे. मॅन्युअलमधील मर्यादा खोलीच्या तापमानाची असते, ही गोष्ट अनेकदा नजरेतून निसटते. खरा दोष निराळाच निघाला: कनेक्टरच्या तळाशी हलका दाब देताच मीटरने अनंत रोध दाखवला आणि बोट काढताच आकडा परत आला.

तेल काढून ऑइल पॅन उतरवला. पॅनमधील चुंबकांवर बारीक राखाडी लेपाखेरीज काही नव्हते, आणि एवढा लेप वयानुसार अपेक्षितच असतो. चमकदार लोखंडी कपचे, पितळी कण किंवा अस्तराचे काळे तुकडे यांपैकी काहीही सापडले नाही. आतील हार्नेसची (तारांच्या जुडग्याची) दुसऱ्या सोलेनॉइडकडे जाणारी तार कनेक्टरच्या टर्मिनलपाशी, जेथे ती दाबून बसवलेली असते, आतून तुटली होती आणि वरचे कडक झालेले आवरण दोन्ही टोकांना कसेबसे एकत्र धरून होते. तापल्यावर सगळे भाग थोडे प्रसरण पावत आणि टोके दूर जात. सोलेनॉइड सोडवून टेबलावर १२ व्होल्ट दिले तर खटका स्पष्ट ऐकू येतो. खात्रीसाठी तो स्वच्छ एटीएफमध्ये (गिअरबॉक्सच्या तेलात) बुडवून, थर्मामीटर लावून, उघडी ज्योत नसलेल्या विजेच्या शेगडीवर ९० अंशांपर्यंत तापवला. खटका कायम राहिला आणि रोधही अखंड राहिला. त्यामुळे सोलेनॉइड तोच ठेवला आणि फक्त आतील हार्नेस, फिल्टर व पॅनचे गॅस्केट नवे घातले. तुटलेल्या तारेला सोल्डर लावून भागवता आले असते, परंतु इतर तारांचे आवरणही तितकेच कडक झाले होते, आणि गरम तेलात सतत कंप सोसणाऱ्या तारेला सोल्डरच्या कडेशी पुन्हा तडा जाण्याची शक्यता असते.

नव्या हार्नेसवर गाडी पूर्ण तापवून चालवली असता दुसरा गिअर प्रत्येक वेळी आला आणि क्लॅम्प मीटरचा आकडा ढळला नाही. दिवे अजून काढलेले नाहीत. दुसऱ्यावरून तिसरा पडताना हलक्या थ्रॉटलवर किंचित लांबण जाणवते. ती थ्रॉटल केबलच्या वाढलेल्या अंतराशी जुळते, कारण तेवढ्या ढिलाईने मुख्य दाब कमी राहतो. केबल लावण्याआधी आणि लावल्यानंतर मुख्य दाबाचे आकडे घेण्यासाठी ३०० पीएसआयपर्यंतचा गेज हवा आहे, कारण रिव्हर्समध्ये दाब ड्राइव्हपेक्षा बराच वर जातो आणि लहान गेज त्यात फुटतो. पुढील नोंदीत दोन्ही वेळचे आकडे देईन.