बंद खाणीत घुसणाऱ्या पोरांनो, जरा थांबा

आमच्या चंद्रपूरकडे बंद पडलेल्या कोळसा खाणी काही कमी नाहीत, आन् रील्सच्या नादात पोरं आता टॉर्च घेऊन आत घुसायला लागलीत. त्यांना वाटते छत पडन, साप निघन, बस. अरे भाऊ, छत निदान कधीकधी करकर तरी करते, चार खडे पडतात, पण हवेचं काय? जुना कोळसा आतल्या आत ऑक्सिजन खात राहते आन् कार्बन डायऑक्साइड सोडते, ना रंग ना वास, जड म्हणून उतारावर खालीच साचते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, तो 10 च्या खाली गेला की पळायचं सुचायच्या आधीच माणूस खाली बसते. मग त्याला काढायला दोस्त जाते, तोही तिथंच. कोळशातून निघणारा मिथेन नावाचा जळणारा वायू हवेत 5 ते 15 टक्के असला तर लायटरची एक ठिणगी पुरे (आन् आत जाऊन बिडी पेटवणारे महाभाग आहेतच).

बरं, आत न जाताही सुटका नाही, 2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या घुग्घुसला जुन्या खाणीवरचं आख्खं घर जमिनीत गेलं! पाणी भरलेल्या ओपनकास्टमध्ये (म्हणजे वरून उघड्या खोदलेल्या खाणीत) पोहणाऱ्यांवर तर वेगळंच लिहावं लागन, तिथं काठाला उतारच नसते, सरळ कडा.