भागी अपडेट: वजन ४७ किलो, लिफ्ट जमली, 'बस' (खाली बसायची कमांड) मुद्दाम शिकवलेलं नाही

मंडळी, मधे भागीचं ऑपरेशन झालं त्यामुळे अपडेट द्यायचं राहूनच गेलं, आता ती ठणठणीत आहे तर सगळं एकदाच लिहून टाकते. नवीन लोकांसाठी थोडक्यात: भागी म्हणजे ग्रेट डेन मादी, फॉन म्हणजे फिकट तपकिरी रंग, तोंड काळं, दात बघून व्हेट (जनावरांचे डॉक्टर) म्हणाले चारेक वर्षांची असेल. सासवड रोडला एका बंद पडलेल्या ढाब्याच्या खांबाला कोणीतरी बांधून निघून गेलेलं, आमच्या ग्रुपमधली मुलं सोडवून घेऊन आली, कायमचं घर मिळेपर्यंत ती माझ्याकडे आहे. कातडीखाली ओळखीची चिप आहे का ते स्कॅन केलं, चिप नाहीच. आचळं लोंबलेली, दोन्ही कोपरांवर घट्टे, त्यातल्या एकावर पाणी भरलेली गाठ, मानेवर पट्ट्याचा व्रण. म्हणजे पिल्लं काढून काढून झाली की द्यायची टाकून, ही स्टोरी आपल्या सगळ्यांना पाठ आहे. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्याच्या बोर्डाकडे नोंदणी करायची, कुत्र्यांना चिप लावायची, मादी १८ महिन्यांची व्हायच्या आत जोडी लावायची नाही, सगळं कागदावर छान आहे. आणि असं उपाशी मरायला टाकून दिलं तर? १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. ५० रुपयांत भागीचा एक वेळचा नाश्ता होत नाही. असो, यावर बोलायला लागले की रात्र जाईल.

यावेळी ट्रेनिंगबद्दल लिहितेय कारण बरेच जण विचारतात की इतके दिवस झाले, साधं बस पण येत नाही का हिला. नाही येत, शिकवलंच नाही. माझं आता ठाम मत झालंय की मोठ्या जातीच्या कुत्र्याचा आपण जो हट्ट म्हणतो ना, त्यातलं निम्म्याहून जास्त दुखणं असतं नाहीतर घसरून पडायची भीती असते. आधी अंग, मग जमीन, मग कमांड. उलट्या क्रमाने गेलं की कुत्रं अडतं आणि आपण त्याला डोकं नाही म्हणतो.

अंगापासून सुरू करते. आली तेव्हा ३४ किलो, बॉडी कंडिशन स्कोअर ९ पैकी १ (१ म्हणजे नुसता सापळा), बरगड्या लांबून मोजता येत होत्या. आईला वाटलं पातेलंभर चिकन-भात घालावा, कोणालाही तेच वाटेल, पण बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फरस धाडकन खाली येतं आणि त्यात कुत्रं जाऊ शकतं. व्हेटनी हिशोब मांडून दिला, वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, म्हणजे ३४ किलोला साधारण ९८५ कॅलरी, हे नुसतं पडून राहणाऱ्या कुत्र्याचं झालं. त्याच्याही पाव भागापासून सुरुवात, दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं, मधे मधे रक्त तपासत वर न्यायचं. आई म्हणाली अगं एवढ्यात आपलं मांजर पण रुसून बसेल. पण तिने वाटी मोजून दिलं, रोज, न चुकता, हे तिचं क्रेडिट. आता वजन ४७ आहे आणि मला अजून तीन-चार किलोच हवंय, त्यापुढे नको, डेन जाड झाली की सांध्यांची वाट लागते.

दुसरं म्हणजे गोचीड ताप. पहिल्या रिपोर्टला प्लेटलेट ४२ हजार, कमीत कमी पावणेदोन-दोन लाख तरी हव्यात. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जंतू) निघाला. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चार आठवडे, आणि ही गोळी रिकाम्या पोटी कोरडी देऊ नका रे, अन्ननलिकेत अडकली तर आतून जाळते, खाणं झाल्यावर द्या आणि वर थोडं पाणी पाजा. (दही-पनीरमध्ये लपवून पण नको, दुधातल्या कॅल्शियमने डॉक्सी नीट लागू पडत नाही. मी चिकनच्या तुकड्यात देते.) गोचीड मारायची तोंडाने द्यायची गोळी चालू केली तरी घराकडे बघावं लागतंच, कारण ही तपकिरी गोचीड घरात राहणारी जात आहे, स्कर्टिंगच्या फटीत नाहीतर पलंगाच्या सांध्यात हजारांनी अंडी घालते. आमच्याकडे अख्खा एक रविवार फटी बुजवण्यात गेला.

आता यात ट्रेनिंग कुठे आलं? तर आली तेव्हा भागी कमरेला हात लावला की गुरगुरायची. बघायला आलेल्या एका ट्रेनरने लगेच डॉमिनन्सचं, म्हणजे कुत्रं वर्चस्व गाजवतंय असं, लेक्चर दिलं, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घाला म्हणे. गोळ्यांचा दुसरा आठवडा संपत आला, ताप आणि सांधेदुखी उतरली, गुरगुर आपोआप बंद. चेन घातली असती तर श्रेय चेनला गेलं असतं.

मग जमीन. आपल्या फ्लॅट्समध्ये सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, आणि त्यावर ४० किलोचं लांब पायाचं, मांड्यांना मांस नसलेलं कुत्रं. भागी दारात उभी राहायची, पुढचा एक पाय टाइलवर ठेवायची, नखं फाकायची, पाय परत मागे. बोलावलं तरी येत नाही. ट्रीट दाखवली तर लाळ गळतेय, मान लांब करतेय, पण पाय हलत नाहीत. नखं इतकी वाढलेली की पंजा जमिनीवर सपाट बसतच नव्हता. आधी नखं थोडी थोडी कमी केली, एकदम कापली तर आतली नस पण लांब असते त्यामुळे रक्त येतं, दर चार-पाच दिवसांनी टोक टोक घासत गेलं की नस मागे सरकते. मग जिममध्ये टाकतात त्या रबरी मॅट आणल्या आणि दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून गादीपर्यंत रस्ता केला. ज्या दिवशी मॅट टाकल्या त्याच संध्याकाळी ती हाक मारल्यावर आली. मी काहीही शिकवलेलं नव्हतं.

गादीचं पण सांगते. कोपराची ती गाठ म्हणजे हायग्रोमा, कडक जमिनीवर धपकन बसून बसून होते, सुई घालून पाणी काढलं तर परत भरते आणि वर इन्फेक्शनचा धोका, त्यामुळे आमच्या व्हेटनी हात लावला नाही, नुसतं मऊ झोपायला द्या म्हणाले. ऑनलाइन मिळणारे डॉग बेड डेनच्या खाली दोन महिन्यांत पापड होतात. सरळ गादीवाल्याकडे जाऊन सहा इंची जाड फोमची गादी, वर रेक्झिनचं चेनवालं कव्हर असं शिवून घेतलं. त्याने विचारलं कोणासाठी, सांगितल्यावर पैसे तेवढेच घेतले पण माप घ्यायला स्वतः आला, कुत्रं बघायचं होतं त्याला. गाठ आता निम्मी झालीय.

आणि म्हणून 'बस' नाही. एवढ्या उंच कुत्र्याला ढुंगण टेकवून बसणं तसंही अवघडच जातं, त्यात घसरणारी फरशी आणि कमजोर मागचे पाय. त्याऐवजी 'गादी' शिकवलं. ती स्वतःहून गादीवर गेली की "शाब्बास" आणि उकडून वाळवलेल्या चिकन लिव्हरचा तुकडा, गादीवरच टाकायचा, हातात नाही. मग आडवी झाली की अजून दोन तुकडे. शब्द नंतर जोडला, ती आपणहून जायला लागल्यावर. आता बेल वाजली की धावत दाराकडे न जाता गादीकडे वळते, दहातून सात-आठ वेळा म्हणा, पिझ्झावाला आला तर नाही. दुसरं शिकवलं ते हनुवटी माझ्या तळहातावर टेकवून ठेवणं. टेकवली आहे तोपर्यंत मी कान साफ करणार, डोळ्यात ड्रॉप घालणार, हनुवटी उचलली की मी थांबणार. हे एक जमलं की व्हेटकडे चार माणसांनी दाबून धरायची गरज पडत नाही, आणि डेनला दाबून धरणारी चार माणसं रोज आणायची कुठून.

लिफ्टची गोष्ट मोठी आहे. आम्ही पाचव्या मजल्यावर, आणि भागीला लिफ्टचं दार, तो आवाज, हलणारी जमीन, काहीच मान्य नव्हतं. सुरुवातीला आम्ही दोघं तिला पोटाखालून चादर घालून जिन्याने उतरवत होतो, माझ्या पाठीने तेव्हाच राजीनामा दिला. मग दुपारी वर्दळ नसताना लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबवून आत तीच रबरी मॅट टाकली. पुढचे दोन पाय आत, लिव्हर, बाहेर. तिला बाहेर जायचं असेल तर लगेच बाहेर, ओढाओढी अजिबात नाही. मग चारही पाय. मग दार बंद-उघड, न हलता. मग एकच मजला. पॅसेजमध्ये मी लिव्हरचा डबा घेऊन फतकल मारून बसलेली असायचे आणि शेजारी वळसा घालून जायचे. सोसायटीतून एकाने पत्र दिलं की एवढं मोठं जनावर लिफ्टमध्ये नको. त्यांना ॲनिमल वेलफेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक प्रिंट काढून दिलं, त्यात स्पष्ट आहे की पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्याचे वेगळे पैसेही मागता येत नाहीत. पण एक आहे, कोणी घाबरत असेल तर आम्ही पुढच्या फेरीला थांबतो. खालच्या मजल्यावरच्या काकू आता आमच्यासाठी दार धरून ठेवतात आणि भागीलाच विचारतात, काय गं, जेवलीस का.

लीशचं थोडक्यात. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस (अंगात घालायचा पट्टा), दोन मीटरची साधी लीश, ताण आला की मी झाडासारखी जागेवर उभी, सैल झाली की चालू. माझं वजन आणि तिचं वजन यात फार फरक उरलेला नाही, त्यामुळे ताकदीवर हे चालूच शकत नाही. मांजर दिसल्यावर अजून गडबड होते. बास्केट मझल (तोंडावर बांधायची जाळी) पण घालायला शिकवतेय, आत दही लावून. (पीनट बटर वापरणाऱ्यांनी डब्यावर झायलिटॉल आहे का बघा, कुत्र्यांना विष आहे ते.) ती चावत नाही, पण उद्या अपघात झाला, दुखत असताना कोणी हात लावला, तर मझल ओळखीचं असलेलं बरं.

ऑपरेशन: स्पे (मादीची नसबंदी) करायचंच होतं, ते न झालेल्या माद्यांना गर्भाशयात पू व्हायचा धोका असतो, पण प्लेटलेट दोन लाखांच्या वर गेल्याशिवाय व्हेट तयार नव्हते आणि बरोबरच होतं. आधी हार्टची एको (हृदयाची सोनोग्राफी) केली, कारण डेन-डॉबरमॅनमध्ये हार्ट मोठं होण्याचा आजार बराच असतो. आणि पोट उघडलंच आहे तर गॅस्ट्रोपेक्सी पण करून घेतली, म्हणजे जठर उजव्या बाजूला आतून पोटाच्या भिंतीला शिवून टाकतात, मग गॅस झाला तरी ते पिळा खात नाही. खोल छातीच्या कुत्र्यांना हे पीळ पडणं काही तासांत मारतं. पोट फुगलेलं, कुत्रं ओकायला जातंय आणि बाहेर काहीच येत नाही, फक्त लाळ, असं दिसलं की सकाळची वाट बघू नका, गाडी काढा. आणि ते उंच स्टँडवर भांडं ठेवायचं फॅड, पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात त्याने धोका कमी नाही, उलट वाढलेला दिसला होता. आमच्याकडे भांडं जमिनीवर, दिवसाला तीन वेळा, खाल्ल्यावर तासभर उड्या बंद.

आता अडॉप्शन. सुरुवातीचे फोन सगळे "जोडी लावायला मिळेल का" वाले, स्पे झालीय सांगितलं की फोन कट, तेवढाच फायदा. एक कुटुंब मात्र मनापासून वाटतंय, साताऱ्याकडचं, तळमजल्याचं घर, बिनपॉलिशची शहाबादी फरशी, आजोबा दिवसभर घरात. दोनदा येऊन गेले, आजोबांनी तिला हातही लावला नाही, नुसते पेपर वाचत बसले आणि तीच जाऊन त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवून उभी राहिली. डेनचं आयुष्य ७ ते १० वर्षं, हे त्यांना आधीच सांगितलंय, आणि बांधून ठेवायचं नाही, झोपायला घरातच, हे लिहून घेणार आहे. गादी आणि मॅट सोबत जातील.

फक्त त्यांच्या ओट्याला चार पायऱ्या आहेत आणि बाई चढतात झकास, उतरताना पहिल्याच पायरीवर मागचे पाय वर आणि पुढचे खाली अशा फ्रीझ होतात. आमच्या जिन्यात रबरी पट्ट्या लावून आणि सगळ्यात खालच्या एका पायरीपासून सुरुवात करून सराव चालू आहे. डेन किंवा सेंट बर्नार्डला जिना उतरायला शिकवलेल्या कोणाकडे याशिवाय काही युक्ती असेल तर सांगा, रॅम्पचं माप पण चालेल.