भुकेची सुट्टी

बँकेत काम करणाऱ्यांच्या घरी कॅलेंडरवर सणांच्या आधी दुसरा आणि चौथा शनिवार शोधतात. २०१५ च्या सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी अर्धा दिवस असायचा, आणि तो अर्धा दिवस नुसता नावाला, कॅश टॅली करून, लॉकरवाल्या काकांना वाटेला लावून घरी पोचेपर्यंत तीन वाजून गेलेले असायचे. मग नियम बदलला, दोन शनिवार पूर्ण सुट्टी आणि उरलेले शनिवार पूर्ण काम. मला तर हेच बरं वाटतं. अर्ध्या सुट्टीत माणूस फक्त झोपतो.

नवरा भोसरीच्या कंपनीत, त्याची सुट्टी गुरुवारी. म्हणजे दोघं एकाच घरात राहतो पण सुट्ट्या वेगवेगळ्या, त्यामुळे जोडीने कुठे जायचं तर रजा टाकावी लागते. सुरुवातीला याचं फार वाईट वाटायचं, आता नाही वाटत, कारण शनिवार माझा एकटीचा आहे आणि त्यात मी काय करते हे कुणाला सांगावं लागत नाही. आईंना (सासूबाईंना) सोडून. त्या विचारतातच.

शुक्रवारी संध्याकाळी ब्रँचमध्ये सगळ्यांचं सुरू होतं, काय मग, वीकेंडला काय प्लॅन? कुणी पवना लेकला टेंट बुक केलेला असतो, कुणी महाबळेश्वर, कुणाच्या मुलाचं तीन तीन क्लासचं शेड्यूल असतं. मी सांगते, भूक लागेपर्यंत चालणार आणि मग जेवणार. हसतात. पण खरंच एवढंच असतं हो. आठवडाभर मी जेवते ती घड्याळाकडे बघून, काउंटरवर दोन मिनिटं मोकळी मिळाली की डबा उघडायचा, मग चार वाजता कुणीतरी पेढे आणतं, पाचला चहा, त्यासोबत खारी. पोट रिकामं असं कधी होतच नाही. सोमवार ते शुक्रवार पोटात कावळे ओरडलेत असं आठवत नाही मला, आणि त्यामुळे जेवणाला चवही नसते, तीच भाजी, तेच हात, तोच मसाला, तरी नसते. शनिवारी मला ती भूक परत पाहिजे असते, आणि थंडीत ती सगळ्यात स्वस्तात मिळते.

लवकर परत यायचं असेल तर वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास, पुणं साधारण ५६० वर, म्हणजे चढ काही फार नाही, पण पहाटे साडेपाचला निघालं की अंगात हुडहुडी भरते. त्यात एक गंमत आहे. जानेवारीत पाषाणला खाली गाडी लावताना बोटं वळत नाहीत आणि वर वेताळबाबाच्या देवळापाशी पोचलं की स्वेटर काढावासा वाटतो, मला वाटायचं चढून घाम येतो म्हणून. तेवढंच नसतं ते. आकाश स्वच्छ असलं की रात्री जमीन भराभर निवते, तिला लागून असलेली हवाही गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराने खाली वाहत जाऊन सखल भागात साचते. म्हणून सूर्य वर येईपर्यंत टेकडीचा माथा खालच्या वस्तीपेक्षा उबदार असू शकतो. पेपरात शिवाजीनगर, पाषाण, एनडीए असे तापमानाचे आकडे वेगवेगळे येतात त्यात याचाही हात आहे. वर उभं राहून शहराकडे बघितलं की तीच गोष्ट डोळ्यांना दिसते, धूर आणि धूळ त्या गार थराच्या वर जाऊच शकत नाही, सगळ्या बिल्डिंगांवर करडा पट्टा, आणि आपण त्याच्या वर. छान वाटतं आणि लगेच लक्षात येतं की तासाभराने आपल्याला तिथेच खाली जाऊन श्वास घ्यायचाय.

थंडीचा विषय निघाला की आई १९३५ सांगतात. त्यांचा जन्मही नव्हता तेव्हा, पण त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, त्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशावर गेला होता. आमच्याकडे दहाच्या खाली गेला की ग्रुपवर शेकोटीचे फोटो.

टेकडीवर या दिवसांत झाडं बोडकी होत जातात आणि लोक म्हणतात बघण्यासारखं काही नाही. अहो, ग्लिरिसिडिया गुलाबी होतो, पांगारा आणि काटेसावर जानेवारीच्या शेवटाला लाल व्हायला लागतात, खाणीच्या पाण्यावर पक्षी असतात, मोर ओरडतो. आणि कुसळी. गवत वाळलं की त्याची कुसळं मोज्यात, सलवारच्या कडेत, बुटाच्या नाडीत अशी काही घुसतात की बास. त्या कुसळाची शेपटी ओल लागली की पिळ सोडते आणि वाळली की परत पिळ घेते, असं करत करत बी जमिनीत शिरतं, हुशार झाड आहे, पण माझे मोजे म्हणजे जमीन नव्हे. घरी आल्यावर बाल्कनीत बसून कुसळं काढणं हा माझा सुट्टीचा अर्धा तास असतो. त्यात फोन हातात घेता येत नाही, हे त्याचं सगळ्यात मोठं सुख. (टेकडीतून काढायचा म्हणतात त्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचं काय व्हायचं ते होवो, मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची आहे, इथे वाद नको.)

पूर्ण दिवस हाताशी असेल तर सिंहगड. सकाळची पहिली पन्नास नंबरची बस पकडायची, खडकवासल्याला खिडकीतून पाण्यावरची वाफ बघायची आणि पायथ्याला उतरून आतकरवाडीच्या वाटेला लागायचं. गड तेराशे मीटरच्या वर आहे. ही वाट सरळ अंगावर येते, पहिल्या वीस मिनिटांत प्रत्येकाला वाटतं की आज काही आपलं खरं नाही, आणि नेमकं तेव्हाच सत्तरीचे एक आजोबा हातात काठी घेऊन "चला चला, थांबू नका, थांबलं की पाय भरतात" म्हणत पुढे निघून जातात. दर वेळी आजोबा वेगळे असतात, वाक्य तेच. वाटेत ताक, लिंबू सरबत, आवळे, बोरं, मीठ लावलेली काकडी घेऊन मावश्या बसलेल्या असतात. मी चढताना काही खात नाही, उतरताना घेते. एका मावशीने मला एकदा तोंडावर सांगितलं, "ताई, तुमी लई कडक हाय." आता त्या मला वर जाताना विचारतच नाहीत.

वर पुणे दरवाजातून आत गेलं की तानाजी मालुसऱ्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी (ते १७०० साली इथेच गेले), टिळकांचा बंगला, दूरदर्शनचा टॉवर, आणि हवा स्वच्छ असेल तर कल्याण दरवाजाकडून राजगड-तोरणा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, शाळेच्या सहलीत झालंय, मी परत सांगत नाही. मला बोलायचंय पिठल्यावर.

गडावरचं पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि मडक्यातलं दही, याची कीर्ती एवढी आहे की लोक फक्त तेवढ्यासाठी घाटातून गाडी घेऊन वर येतात, पार्किंगला तासभर थांबतात, जेवतात आणि "पूर्वीसारखी मजा राहिली नाही" म्हणत परत जातात. पिठलं तेच आहे हो. बसून वर आलात, गाडीत वेफर्स खाल्लेत, तर बेसन शेवटी बेसनच लागणार. चालत आलेल्या माणसाला विचारा. हे जरा आगाऊपणाचं वाटेल, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल गाडीने यावं, मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये, मी बोलतेय ते खाली आतकरवाडीत बूट घालून फोटो काढून मग घाटाने वर येणाऱ्यांबद्दल.

मी मात्र वर दही तेवढं खाते आणि उतरते, कारण माझं जेवण घरी असतं. हे ठरवून केलेलं आहे. आदल्या दिवशी बँकेतून येताना मंडई करते. मंडईची ती दगडी इमारत १८८५-८६ च्या सुमाराची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे, आता महात्मा फुले मंडई. मला त्या इमारतीपेक्षा बाहेरचे गाळे आवडतात. डिसेंबर-जानेवारीत तिथे उभं राहिलं की काय घेऊ आणि काय नको असं होतं, हरभऱ्याचे टहाळे, पावट्याच्या शेंगा, ओली हळद, लसणाची पात, गाजरं, पुरंदरचे अंजीर (२०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, भाव त्याआधीपासूनच चढे). मटार तर ढिगाने. पुरंदरचा आपला वाटाणा पावसाळ्यातला, थंडीत येतो तो बहुतेक बाहेरच्या राज्यांतून, पण गोड असतो आणि स्वस्त असतो, त्यामुळे पुण्यातल्या घराघरात त्या दिवसांत मटाराची उसळ, मटार भात, मटार करंजी, मटाराचे पराठे असं चालू असतं आणि महिनाभरात सगळे कंटाळतात. शेंगा सोलायचं काम आईंचं. त्या टीव्ही बघत सोलतात, आणि चार दाणे वाटीत तर एक तोंडात.

पीठ गिरणीतून ताजं दळून आणायचं, बाजरीचं. बाजरीच्या पिठाला एक खोड आहे, त्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे ते ठेवलं की लवकर कडू होतं. पाकिटातलं आणून लोक म्हणतात बाजरीची भाकरी कडवट लागते. बाजरीचा काय दोष! थोडं दळायचं, आठवड्याभरात संपवायचं.

गडावरून आले की आधी आंघोळ, मग तवा. बाजरीत चिकटपणा नाही, म्हणून पाणी कढत घ्यावं लागतं, आणि पीठ तळहाताच्या मागच्या भागाने रेटून रेटून मळावं लागतं, जितकं मळाल तितकी कडा कमी फाटते. मग परातीत थापायची, तीळ पेरायचे, तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग सरळ आचेवर. टम्म फुगली आणि पापुद्रा सुटला की त्यात बोटाने भोक पाडून तूप सोडायचं. भोगीला हीच तीळ लावलेली भाकरी आणि सोबत वांगं, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, तिळाचं कूट घातलेली मिसळीची भाजी करतो, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. पण माझा शनिवार पिठल्याचा.

पिठल्याचे दोन पंथ आहेत. एक पीठ पाण्यात कालवून ओतणारे, त्यांचं गुळगुळीत होतं. दुसरे आम्ही, उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पेरणारे, त्यात गाठी राहतात आणि त्या गाठीतच सगळी मजा आहे. लोखंडी कढई, तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची, कांदा, हळद, पाणी उकळलं की एका हाताने पीठ पेरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं, झाकण ठेवून मंद आचेवर सोडून द्यायचं. थंडीत वरून लसणाची पात. तोपर्यंत साडेबारा-एक झालेला असतो, सकाळपासून पोटात चहा आणि एक मडकं दही, आणि लसणाचा वास सुटला की मला अक्षरशः उभं राहवत नाही. पहिली भाकरी मी ओट्यापाशीच खाते. पानं घ्यायला थांबत नाही. आई म्हणतात, "अगं बस तरी," आणि मी तोंड भरलेलं असल्यामुळे मानेनेच हो म्हणते.

माझा मुलगा (दहावीत आहे, टेकडी म्हटलं की त्याला अभ्यास आठवतो) त्याच वेळी खोलीतून बाहेर येतो. तो कुठे चढलेला नसतो, तरी तीन भाकऱ्या खातो. या वयात भूक कमवावी लागत नाही, ती आयतीच मिळते, त्यामुळे माझा हा सगळा सिद्धांत त्याला अजिबात पटत नाही.

मधे एका शनिवारी ब्रँचच्या सगळ्यांनी मिळून हुरडा पार्टी काढली होती, पॅकेजवाली. मोठी जागा, स्वागताला उसाचा रस, आल्या आल्या मिसळ, मग भजी, मग झोके, बैलगाडी, डीजे, आणि हुरडा यायला अकरा वाजले. हुरडा छान होता, सुरती जातीचा, कोवळा, आगटीत गोवऱ्यांवर भाजून, हातावर चोळून गरम गरम समोर, सोबत शेव, गूळ, लसणाची चटणी. पण आमची पोटं मिसळीने भरलेली. सगळे चमचा चमचा चिवडत बसले. शेतावरच्या ज्या माणसाने तो भाजला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. एवढी नाजूक गोष्ट, दाणा चिकात असतानाच्या मोजक्या दिवसांत मिळणारी, आणि आधी मिसळ! मला आयोजकांना सांगायचं होतं की मंडळींना आधी शेताला दोन फेऱ्या मारायला लावा. नाही सांगितलं. साहेब सोबत होते.

नवऱ्याचा गुरुवार वेगळा असतो. तो कुठे चढत नाही, नऊपर्यंत झोपतो, मग गाडी धुतो (पाणी असेल तर, आमच्याकडे पाणी बंद ठेवायचं झालं की बहुतेक गुरुवारीच) आणि दुपारी मसालेभात करतो. चांगला करतो, तोंडली घालून, वर ओलं खोबरं-कोथिंबीर. माझ्यासाठी झाकून ठेवतो, मी सात वाजता घरी येते तेव्हा मला भूक नसते, खारी झालेली असते, तरी खाते. तो म्हणतो, कसा झालाय? मी म्हणते, मस्त. आणि शनिवारी तो ड्युटीवर असताना मी त्याच्यासाठी पिठलं ठेवते, ते गार झालं की घट्ट गोळा होतो, तो म्हणतो, मस्त. संसार.

पिठलं संपलं की कढईला खाली खरवड राहते, खमंग, कुरकुरीत, उलथन्याने खरवडून काढायची. आमच्याकडे भांडण होतं ते फक्त यावरून. माझं म्हणणं, जो गड चढला त्याची खरवड. आईंचं म्हणणं, जिने लसूण सोलला तिची, आणि लसूण त्यांनी सोललेला असतो. मुलगा म्हणतो, कढई कोण घासणार ते आधी ठरवा, मग बोला. त्यावर मात्र सगळे गप्प.