पाचशेवा विजय आणि तीन गोलरक्षक

गुरुवारी सकाळी साडेनऊला कॉन्फरन्सच्या, म्हणजे आमचं कॉलेज ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्या संघटनेच्या, कचेरीतून दोन ओळींची मेल आली. तुमच्या हॉकी संघाच्या आकडेवारीच्या पुस्तिकेत कोचचे ४९९ विजय दिसतात, आमच्या नोंदीत ४९८ आहेत. सामन्याआधी खुलासा करा. सामना शुक्रवारी संध्याकाळी सातला. ‘५००’ छापलेला कापडी फलक तळघरात गुंडाळून ठेवलेला होता, आकडा छापलेले पक (चेंडूऐवजी वापरतात त्या रबरी चकत्या) खोक्यात येऊन पडले होते आणि उद्घोषकाच्या हातात मजकूरही गेला होता.

अमेरिकेच्या ईशान्येला एका कॉलेजच्या क्रीडा माहिती विभागात मी आकडेवारीचं काम करतो. हॉकी म्हटलं की आपल्याकडे मैदान डोळ्यांपुढे येतं. ही बर्फावरची हॉकी. कोच त्या वर्षी सत्ताविसाव्या मोसमात होते, सगळे मोसम याच कॉलेजात. मोसमाला चौतीसच्या आसपास सामने, म्हणजे नऊशेच्या वर स्कोअरशीट. त्यातली अलीकडची संगणकात. त्याआधीची कार्बन कॉपीची गुलाबी पानं, आणि परगावच्या सामन्यांची तर फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर. तो कागद उष्णतेने काळा होणारा असतो आणि वर्षं गेली की अक्षर उडतं. ज्याने कोणी त्या काळी फॅक्सची साध्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवली, त्याचे उपकार मानावेत.

कोचची कारकीर्द इथे तीन आकड्यांत लिहितात: विजय, पराभव, बरोबरी (टाय). कॉलेज हॉकीतले सर्वाधिक विजयांचे कोच जेरी यॉर्क यांची १,१२३–६८१–१३०. ते १९७२ मध्ये क्लार्कसन विद्यापीठात लागले, १९७९ मध्ये बोलिंग ग्रीनला गेले आणि १९९४ पासून २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत बोस्टन कॉलेजात राहिले. पन्नास मोसम. विजयांची फोड १२५, ३४२ आणि ६५६. बेरीज बरोबर येते. टक्केवारी काढताना बरोबरी अर्धी धरायची, म्हणजे १,१२३ अधिक ६५, भागिले १,९३४ सामने, उत्तर .६१४. त्यांनी २९ डिसेंबर २०१२ रोजी ज्यांच्या ९२४ विजयांचा विक्रम मोडला ते रॉन मेसन. बोलिंग ग्रीनला यॉर्क ज्या खुर्चीवर बसले तीही मेसन यांनीच रिकामी केलेली. आणि मेसन यांच्या ९२४ मध्ये लेक सुपीरियर स्टेटची सुरुवातीची वर्षं धरलेली आहेत, जेव्हा ते कॉलेज एनएआयए या वेगळ्या संघटनेत खेळत होतं. तेव्हा कोणता सामना धरायचा आणि कोणता नाही, हा प्रश्न शिखरावरच्या आकड्यालाही सुटलेला नाही.

एका विजयाचा फरक शोधायला नऊशे पानं एकेक करून वाचत बसलात तर शुक्रवार उजाडेल. त्यापेक्षा खतावणी लावावी तशी पडताळणी करायची. प्रत्येक सामन्याचा निकाल एका गोलरक्षकाच्या नावावर चढतो. विजय त्याचा, जो निर्णायक गोल झाला तेव्हा जाळ्यापुढे उभा होता. म्हणून मोसमातल्या सगळ्या गोलरक्षकांचे विजय-पराभव-बरोबरी मिळवले की संघाची कामगिरी निघालीच पाहिजे. निघाली नाही तर त्या मोसमात पाणी मुरतंय. सत्तावीस मोसमांची ही बेरीज तासाभराचं काम आहे. दोन मोसम जुळले नाहीत. दोन्हीत संघाच्या खात्यावर एक विजय जास्त होता.

पहिल्या मोसमातला घोळ ऑक्टोबरातला निघाला. मोसम सुरू होण्याआधी कॅनडातल्या एखाद्या विद्यापीठाशी सरावाचा सामना ठेवतात. त्याला प्रेक्षक येतात, पंच असतात, स्कोअरशीटही नेहमीचीच भरतात. पण अधिकृत नोंदीत तो सामना धरत नाहीत. आमच्या पानावर ‘सराव सामना’ अशी खूण करायची कुणीतरी विसरलं होतं. मग ओळखायचा कसा? गोलरक्षकांच्या मिनिटांवरून. एकाने २०:००, दुसऱ्याने २०:००, तिसऱ्याने २०:००. निकाल मोजला जाणार असेल तर सामन्याच्या वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांना, म्हणजे पिरियडना, तीन गोलरक्षक सहसा कोणताही कोच उभे करत नाही.

दुसऱ्या मोसमातला गोंधळ नाताळच्या सुट्टीतल्या एका स्पर्धेतला होता. आमच्या पुस्तिकेत निकाल ४–३ असा विजय. स्कोअरशीटवर गोलांच्या ओळी मोजल्या तर आमच्या तीनच. प्रत्येक गोलाला स्वतंत्र ओळ असते: वेळ, गोल करणारा, जास्तीत जास्त दोन असिस्ट (गोलासाठी पक पुरवणारे), संख्याबळ कमीजास्त असताना झाला असेल तर तशी खूण. चौथा गोल कुणाच्याच नावावर नाही, याचा अर्थ शूटआउट: बरोबरी झाल्यावर एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकावर चाल करून जायचं. पुढच्या फेरीत कुणाला पाठवायचं हे ठरवण्यासाठी शूटआउट घेतलं, जिंकणाऱ्याला वर्तमानपत्रांनी एक गोल चढवून दिला, आणि आमच्या कुणीतरी वर्तमानपत्रावरून पुस्तिका भरली. कॉलेज हॉकीच्या नोंदीत शूटआउटने सुटलेला सामना ही बरोबरी असते. करंडक घरी न्या, पण कोचच्या खात्यावर बरोबरीच.

दोन वजा झाले. म्हणजे ४९७. कॉन्फरन्सकडे तर ४९८. इथे मी अडकलो, कारण आता आमच्या कागदांत कुठेच चूक दिसत नव्हती.

अशा वेळी समोरच्याची वही मागवायची. आमचा प्रत्येक विजय कुणाच्या तरी वहीत पराभव म्हणून असतोच, आणि आमचा पराभव कुणाचा तरी विजय. जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या पुस्तिका बहुतेक ऑनलाइन आहेत. एका संघाच्या पुस्तिकेत आमच्या सामन्यापुढे छोटा तारा होता आणि पानाच्या तळाशी खुलासा: अपात्र खेळाडू खेळवल्यामुळे सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल. त्या रात्री आम्ही २–५ हरलो होतो. निर्णय मोसम संपल्यावर लागला, कॉन्फरन्सने तक्ता दुरुस्त केला, आमची पुस्तिका तोवर छापून झाली होती.

यात एक बारकावा आहे. बहाल केलेला सामना वेगळा आणि रद्द केलेला विजय वेगळा. रद्द केला तर जिंकणाऱ्याचा विजय पुसला जातो, पण हरलेला हरलेलाच राहतो. बहाल केला तर समोरच्याला विजय मिळतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठाचे १९९३–९४ च्या मोसमातले बरेच सामने असे बहाल झाले होते. बर्फावर हरलेल्या संघांच्या नोंदी त्यामुळे सुधारल्या. गोल, असिस्ट, गोलरक्षकाचा पराभव या वैयक्तिक नोंदींना मात्र हात लावत नाहीत. म्हणूनच माझ्या बेरजेत हा सामना सापडला नव्हता: गोलरक्षकाच्या नावावर पराभव, पुस्तिकेतही पराभव, सगळं गोड जुळत होतं. चुकीची बेरीज सापडते, जुळणारी चूक सापडत नाही.

दुपारी तीनला, सराव सुटल्यावर, कोचच्या खोलीत गेलो. तीन पानं समोर ठेवली. पहिल्यावर त्यांनी नजर टाकली आणि तिसऱ्या गोलरक्षकाचं नाव मी वाचायच्या आत सांगितलं. नवीन मुलगा होता, त्याला पाहायचं होतं म्हणूनच तो सामना ठेवला होता. दुसऱ्याला मान हलवली. तिसऱ्यावर मात्र अडले.

“हा मी घेणार नाही,” ते म्हणाले. “त्या रात्री त्यांनी आम्हाला धुतलं होतं.”

मी सांगितलं की हे तुमच्या किंवा माझ्या हातात नाही. निर्णय कॉन्फरन्सचा आहे, समोरच्या संघाच्या वहीत तो पराभव म्हणून चढलेला आहे. आपण घेतला नाही तर तो सामना एका बाजूने हरलेला आणि दुसऱ्या बाजूनेही हरलेला राहील. जिंकलं कुणीच नाही असा सामना वहीत ठेवता येत नाही. चिडले थोडे. दोन विजय हातचे गेले तेव्हा ते इतके चिडले नव्हते. मग त्यांनी विचारलं, “फलक परत करता येईल का?” नव्हता येत. तो तसाच तळघरात ठेवला.

चारच्या आत कॉन्फरन्सला उत्तर गेलं: ४९८ मान्य, सोबत तीन पानांच्या प्रती. उद्घोषकाचा मजकूर शनिवारसाठी राखून ठेवला.

शुक्रवारी जिंकलो. शनिवारी रिंक भरली. साठ मिनिटांनंतर ३–३. जादा वेळेची पाच मिनिटं, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, मोकळा बर्फ, आणि तरी गोल नाही. मग शूटआउट. आमच्या तिसऱ्या खेळाडूने पक गोलरक्षकाच्या पॅडखालून सरकवला, मुलं बाकावरून उड्या मारत उतरली आणि गुणफलक चालवणाऱ्याने सवयीने बटण दाबलं: ४–३. तक्त्यात जादाचा गुण आमचा झाला, तीनपैकी दोन. लोक उभे राहून ओरडत होते. काचेपलीकडून उद्घोषकाने माईक हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली, आणि निकालाच्या रकान्यात ‘टी’ दाबला.